भूर्जपत्राला बोलायला लावणारा मास्तर

विनिपेग,
१४ जानेवारी

प्रिय सदा,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. उशिराचं कारण थंडी नाही, निव्वळ आळस. थंडीची सबब इथे कुणी ऐकूनही घेत नाही.

धडगावची तुझी पोरं 'ग गणपतीचा' ठेक्यात म्हणतात आणि घरी जाऊन पावरीत बोलतात, हे तू लिहिलंस तेव्हापासून एका मास्तराबद्दल तुला सांगायचं मनात आहे.

गेले दोन महिने दर शनिवारी मी क्री भाषेच्या वर्गाला जातो. क्री म्हणजे इथले, कॅनडातले मूळ रहिवासी. शिकवणाऱ्या आजी सत्तरीपुढच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पुठ्ठ्याचा एक कोन कापून आणला, इंग्रजी व्हीसारखा. टोक खाली धरलं की 'पे', वर केलं की 'पि', उजवीकडे 'पो', डावीकडे 'प'. स्वर दीर्घ असेल तर डोक्यावर टिंब. मला हसूच फुटलं. अरे, ही तर आपली बाराखडी! आपण काना, मात्रा, वेलांटी लावतो, हे लोक अक्षरच फिरवतात. तासाभरात मी अडखळत का होईना, वाचायला लागलो. अर्थ विचारू नकोस.

ही लिपी छापात आणणारा जेम्स एव्हान्स. जन्म १८०१, इंग्लंडमधल्या हल गावचा. कॅनडात आला आणि जंगल तोडून नव्यानं वसलेल्या मुलखात मास्तरकी करू लागला. तिथेच मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका उघड्यावरच्या मेळाव्यात त्याचं मन पालटलं. १८२८ पासून राइस लेकला ओजिब्वे या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीच्या मुलांची शाळा चालवली, १८३३ ला दीक्षा घेऊन रीतसर प्रचारक झाला. तरी मला तो अखेरपर्यंत मास्तरच वाटतो. ओजिब्वेसाठी त्यानं सोयीची लेखनपद्धत बसवली होती, पण वरिष्ठांनी ती उचलून धरली नाही. हे दुखणं तुला मी काय समजावणार!

१८४० मध्ये तो विनिपेग सरोवराच्या उत्तर टोकाजवळ नॉर्वे हाउसला गेला. हडसन्स बे कंपनीचं केसाळ कातड्यांच्या व्यापाराचं मोठं ठाणं. तिथे क्रीसाठी ही लिपी उभी राहिली. छापखाना नव्हता. मग गड्यानं चहाच्या पेट्यांच्या आतलं शिशाचं अस्तर वितळवून छपाईच्या अक्षरांचे खिळे ओतले. काजळीत स्टर्जन माशाचं तेल घालून शाई केली, आणि कातड्यांचे गठ्ठे दाबायच्या यंत्रावर पानं छापली. कागद नसला की भूर्जाची साल. हो, आपल्या जुन्या पोथ्यांचं भूर्जपत्र तेच. 'भूर्जपत्राला बोलायला लावणारा' अशी त्याची ख्याती झाली. त्याची स्तोत्रांची चिमुकली पुस्तिका १८४१ ची. त्याच साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पहिलं मराठी पंचांग छापलं, आणि सोवळ्यातल्या लोकांची शंका नको म्हणून शाईत तूप घातलं असं सांगतात. तिकडे मासा, इकडे तूप!

पुढे ही लिपी त्याच्या हातात राहिलीच नाही. शिकलेला शिकाऱ्याला शिकवी, तो पुढच्या तळावर जाऊन बायकोपोरांना. प्रचारक पोचायच्या आधीच अक्षरं पोचलेली असत.

एव्हान्सला हे सुचलं कुठून? पिटमनची लघुलिपी, म्हणजे इंग्रजी शॉर्टहँड, आणि आपली देवनागरी, या दोन्हींचा आधार त्यानं घेतला असं अभ्यासक मानतात. मी फुशारकीनं वर्गात हे सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, ही अक्षरं आमच्या मिस्तानास्कोवेवला आत्म्यांनी दिली. तो मरून परत आला तो ती घेऊनच. एवढं बोलून त्या पुढच्या अक्षराकडे वळल्या. मी वहीत दोन्ही लिहून घेतलं, एकाखाली एक.

माणूस साधा सरळ होता असं मात्र समजू नकोस. कंपनीच्या होड्या रविवारी चालू नयेत म्हणून तो अडून बसला आणि जिनं त्याला बोलावलं तिच्याच डोळ्यांवर आला. १८४४ मध्ये प्रवासात त्याच्या बंदुकीतून चुकून गोळी सुटली आणि थॉमस हॅसल हा त्याचा दुभाषा मित्र जागीच गेला. पुढे मिशनमधल्या मुलींशी गैरवर्तन केल्याचे आरोप झाले. तिथल्या चौकशीत तो सुटला, तरी इंग्लंडला बोलावणं आलं आणि २३ नोव्हेंबर १८४६ ला तिकडेच अचानक वारला. वय ४५. मुलींचं म्हणणं त्या काळी कुणी नीट ऐकलं असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून त्याचा फोटो टेबलावर लावावा असं काही मला वाटत नाही. पुठ्ठ्याचा तो कोन मात्र लावलाय.

तसाच एक सोबत पाठवतोय. पाटीवर ठेवून पोरांपुढे फिरव आणि पावरीतले चार शब्द त्यात बसतात का बघ. 'प'नं सुरू होणारे आधी घे.

वहिनींना नमस्कार. विहिरीचं पाणी मार्चपर्यंत पुरेल का, तेही कळव.

तुझा,
बाळ्या