औषधासाठी चार पेठा ओलांडून

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिवाजी पेठेत माझं मेडिकलचं दुकान आहे. बीपी-शुगरची औषधं न्यायला आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसं येतात. मनाच्या आजाराची चिठ्ठी घेऊन येणारं गिऱ्हाईक मात्र बहुतेक लांबचं असतं. कोण कसबा बावड्यातून येतं, कोण राजारामपुरीतून, कोण थेट उचगावहून, वाटेतली सगळी मेडिकल सोडून. आमच्या पेठेतली माणसं त्याच गोळ्या बावड्यात जाऊन घेत असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. डॉक्टरांचंही तेच. इथला पेशंट मिरजेला जाऊन दाखवतो आणि तिकडचा इकडे येतो. एसटीचं तेवढंच उत्पन्न.

दुकानात शिरल्यावरही चिठ्ठी लगेच बाहेर येत नाही. आधी तापाची गोळी, मग टूथपेस्ट, आणि शेजारी उभा असलेला माणूस पायरी उतरला की घडी घातलेला कागद काउंटरवर सरकतो. पुढची अडचण वहीची. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही घबराटीवरची, झोपेची औषधं सरकारच्या शेड्यूल एच-1 या कडक नोंदीच्या यादीत येतात. 2014 पासून ती देताना डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. गोळ्यांचा गैरवापर होऊ नये म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण वही उघडली की समोरच्याचा चेहरा उतरतो. "नाव लिवायलाच पायजे व्हय?" "माझं घाला, पोरीचं नको. स्थळं बघायलोय."

एक मावशी दर महिन्याला येतात. काउंटरच्या कडेला उभ्या राहून सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून फोडून काढतात, कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरतात आणि मोकळ्या स्ट्रिपा माझ्याच टोपलीत टाकून जातात. सुनेनं विचारलं तर त्या हाडाच्या गोळ्या. आता त्या डबीतल्या गोळ्यांना ना नाव राहिलं, ना मुदत. घरात कुणी खरंच कॅल्शियम समजून दोन तोंडात टाकल्या तर काय, हे मी सांगून बघितलं. "तेवढं बघतो आमी, पर कळाय नको," म्हणाल्या.

या लपवालपवीत औषध मध्येच सुटतं, हे मला सर्वांत जास्त खटकतं. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टर त्या सहसा निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात. आपल्याकडे पहिल्या महिन्यात "गुण न्हाई" म्हणून बंद, नाहीतर तिसऱ्या महिन्यात "आता बरा हाय, उगं सवय लागंल" म्हणून बंद. या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही, पण एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी होते, आणि आजार उलटतो तो वेगळाच. शुगरची गोळी कट्ट्यावर चारचौघांत चहाबरोबर घेणारा माणूस ही गोळी न्हाणीघरात जाऊन घेतो. पाहुणे आले की ती चुकते.

लग्नसराईत तर काही नेहमीच्या चिठ्ठ्या येणंच थांबतं. "लगीन लावून द्या, ठिकाणावर येतोय" म्हणून मुलाला बोहल्यावर चढवायचं, आणि नव्या माणसांना दिसू नये म्हणून नेमक्या त्याच आठवड्यात औषध बंद करायचं. बायपोलरच्या, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी नैराश्य अशा आजाराच्या, पेशंटला जागरणानंच झटका येऊ शकतो. हळद, वरात, गोंधळ यांत झोप मिळणार कुठली? मग महिन्याभरात सगळं बाहेर येतं आणि खापर फुटतं सुनेच्या पायगुणावर.

"बाहेरचं हाय" म्हणून देवरुषाकडे जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. अंगारा लावा, नवस बोला, पण गोळी बंद करू नका, एवढंच सांगतो. मारझोड आणि साखळदंड मात्र नकोच. 2001 साली तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेले पंचवीसहून जास्त रुग्ण जळून मेले. आपल्या राज्यात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं गुन्हा आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली. याच कायद्यानं विमा कंपन्यांना शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. पण आधी दावा करायला आजार कबूल करायला लागतो!

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला, आणि आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. डॉक्टर कमी आहेत हे खरंच. पण आपल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथं जायला कुणी अडवत नाही. तरी पेठेत कुणी जरा वेगळं वागलं की "ह्याला रत्नागिरीला न्हाईतर येरवड्याला धाडा", म्हणजे मनोरुग्णालयात, हेच ऐकू येतं. बहुतेकांना दाखल व्हायची गरजच पडत नाही. घरी राहून, कामावर जाऊन औषध घेता येतं.

आपल्या वर्तमानपत्राकडेही एक मागणं आहे. "मोबाइल दिला नाही म्हणून आत्महत्या" अशा मथळ्यांनी एका माणसाची कितीतरी महिन्यांची तगमग एका ओळीत निकालात निघते. अशा बातम्या ठळकपणे छापू नयेत, पद्धतीचं वर्णन करू नये, अशा सूचना प्रेस कौन्सिलनं 2019 मध्येच दिल्या आहेत. त्या पाळाव्यात, आणि अशा प्रत्येक बातमीखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्यावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि तिथं जायला पेठ ओलांडावी लागत नाही.

आणि आमच्या तालीम मंडळांना: रक्तदान शिबिरं तुम्ही दणक्यात घेता. यंदा गणपतीत एक संध्याकाळ मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा. डॉक्टरांशी मी बोलतो, खुर्च्यांचं भाडंही माझ्याकडे लागलं. पहिल्या रांगेत माणसं बसवायची जबाबदारी तेवढी मंडळानं घ्यावी.

आपला,
एक औषध दुकानदार,
शिवाजी पेठ, कोल्हापूर