हॅमस्टर जोडीने विकू नका

सुट्टी लागली की मुलांच्या हट्टापायी हॅमस्टर (उंदरासारखे छोटे प्राणी) घरी येतात, तेही बहुधा जोडीने. ‘एकटा कंटाळेल’ असे दुकानदार सांगतो. सोनेरी हॅमस्टर मुळात एकलकोंडा. सीरियातील अलेप्पोजवळच्या शेतांत तो स्वतंत्र बीळ करून राहतो. मोठी झालेली जोडी एका पिंजऱ्यात रक्तबंबाळ होईपर्यंत भांडते. (भांडली नाही, तर १६ दिवसांत पिल्ले!) १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी अलेप्पोहून एक मादी व तिची पिल्ले नेली, आज पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्यांचेच वंशज. रानातला मात्र पिकांचा शत्रू म्हणून विष घालून मारला जातो आणि संकटग्रस्त आहे. दुकानदारांनी हॅमस्टर एकटाच विकावा आणि बीळ करता येईल इतका भुसा पिंजऱ्यात घालायला सांगावे.

— एक वाचक, डोंबिवली