पाठकोऱ्या कागदावरच्या एका वाक्याबद्दल

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

शाळेपासून पदवीपर्यंत माझ्या उत्तरपत्रिकांवर लाल शाईत ‘मुद्देसूद लिहा’ असा शेरा पडत आला. मुद्दा म्हणजे नेमके काय आणि तो परिच्छेदात कसा मांडायचा, हे मात्र शेरा मारणाऱ्यांपैकी एकानेही सांगितले नाही. जितक्या पुरवण्या जास्त तितके गुण जास्त, एवढेच आम्ही वर्गात ऐकले आणि खरे मानले. त्याचा मला आजही राग येतो, कारण अशा शेऱ्यांमुळे कित्येक मुले स्वतःला मठ्ठ समजू लागतात आणि लिहिणेच सोडून देतात.

दख्खनमधील शेतकऱ्यांच्या सावकारांविरुद्धच्या १८७५ सालच्या उठावावरील माझा एम. ए.चा निबंध तसाच शेरा घेऊन परत आला, त्या संध्याकाळी मी ग्रंथालयात तो पुढ्यात ठेवून नुसती बसून होते. ओळखदेख नसताना आपण तो मागून घेतला आणि अकराही पाने शांतपणे वाचली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव, १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर झालेली घसरण, वाढवलेला शेतसारा, १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झालेला उद्रेक, असे सगळे त्यात होते. पण वाण्याच्या यादीसारखे, एकाखाली एक.

आपण पिशवीतून एक पाठकोरा कागद काढला. माझ्या नवव्या पानाच्या तळाशी, मी ओघात लिहून गेलेले एक वाक्य आपण आपल्या सुवाच्य अक्षरात त्या कागदाच्या माथ्यावर उतरवले: ‘शेतकऱ्यांनी सावकारांच्या जिवाला क्वचितच हात लावला, त्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता.’ कागद माझ्याकडे सरकवून आपण म्हणालात, “हे तुझे आहे. बाकीची माहिती आहे. आता हे मला पटवून दे.”

बाई, माझे वाक्य दुसऱ्या कुणाच्या हस्ताक्षरात मी त्या दिवशी प्रथमच पाहिले, आणि ते जपण्याजोगे आहे असे मला वाटले. त्याच्याखाली मी सुप्यात जाळलेल्या रोख्यांचा पुरावा लिहिला आणि थांबले, तेव्हा आपण एवढेच विचारलेत, “पण कागदच का?” त्या प्रश्नाने मला १८५९ च्या मुदतीच्या कायद्याकडे नेले. रोख्यावर न्यायालयात दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची ठरली. म्हणून दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा होई, आणि ज्याला अक्षर वाचता येत नाही तो त्यावर अंगठा उठवी. शेतकऱ्याच्या गळ्याभोवतीचा फास त्या कागदाचाच होता, हे लिहिल्यावर पुरावा आणि माझे म्हणणे यांची गाठ बसली. पुढे १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याची मुभा का दिली, हेही त्याच परिच्छेदाच्या शेवटी आपोआप आले. कापसाचे भाव खरे होते, पण त्यांना इथे काम नव्हते. ते मी दुसऱ्या परिच्छेदात नेले.

आपण माझा निबंध तासाभरात सुधारून देऊ शकला असता, पण मग तो आपला झाला असता. समोरच्याच्या पसाऱ्यातून त्याचीच चांगली गोष्ट शोधून त्याच्या हाती देणे, आणि त्यानंतर स्वतः मागे सरणे, याला विद्वत्तेपेक्षा मनाचा मोठेपणा जास्त लागतो. असा मोठेपणा असलेली माणसे गावोगावच्या ग्रंथालयांत, कोणत्याही पदाविना बसलेली असतील, असे आता मला मनापासून वाटते.

शेतसाऱ्यावरचा परिच्छेद कालच लिहून झाला. त्याचे पहिले वाक्य अजून माझे वाटत नाही. गुरुवारी तो घेऊन येते. आपण फक्त विचारा.

आपली ऋणी,
वाचनकक्षातील विद्यार्थिनी