लाकडातला विस्तव

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, लाकडावर लाकूड घासून खरंच विस्तव होतो का आणि त्याला किती ताकद लागते, असं तुम्ही विचारलंत. विस्तव होतो. आणि ताकदीपेक्षा लाकडाची निवड त्यात जास्त मोलाची.

पद्धत तुमच्या ओळखीची आहे. यज्ञातल्या अग्निमंथनात खाली अधरारणी म्हणजे लाकडाची फळी, तिच्यावर उभी फिरणारी दांडी म्हणजे मंथ आणि त्याला वेढा दिलेली दोरी असते. केरळात पांजाळला १९७५ साली झालेल्या अतिरात्र यज्ञात अग्नी असाच काढला होता. जुन्या सुतारांचा भोकं पाडायचा सामताही याच चालीचा. रानात एकट्या माणसाला जमावं म्हणून दोरी कमानीला बांधतात, एवढाच फरक.

लाकूड हलकं हवं: पांगारा, सावर, वाळलेला पिंपळ. झाडावरच सुकलेली फांदी घ्यायची. जमिनीवर पडलेली वरून कोरडी दिसली तरी आतून ओल धरून असते. नख दाबलं की खूण उमटावी, पण भुगा पडू नये. साग तेलकट, त्याच्या वाटेला जाऊ नये. बिब्बा आणि कण्हेर ओळखता आलेच पाहिजेत. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, कण्हेर विषारी आहे, आणि दोन्हींचा धूरही वाईट.

खालची फळी दीड-दोन सेंटिमीटर जाड. उभी दांडी अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, अगदी सरळ. खालचं टोक बोथट, वरचं निमुळतं. कमान हातभर लांब, किंचित वाकलेली. दोरी दांडीला एक वेढा देऊन ताठ बसली पाहिजे. वरून दाबायला जाड करवंटीचा तुकडा उत्तम. करवंटीत थेंबभर खोबरेल घालावं, म्हणजे वरचं टोक घासत नाही. तेल लागलेलं टोक पुन्हा चुकूनही खाली करायचं नाही. खालच्या खळीत तेल गेलं की ती खळी वाया गेली.

आधी दांडी फिरवून फळीच्या कडेजवळ खळी जाळून घ्यायची. मग कडेपासून खळीच्या मध्याच्या अगदी जवळपर्यंत त्रिकोणी खाच कापायची, वर्तुळाच्या साधारण आठव्या हिश्शाएवढी. बहुतेकांचं इथेच बिनसतं. खाच मध्याजवळ पोचली नाही तर जळका भुसा एका जागी साठत नाही, आणि निखारा त्या भुशातच धरतो. खाचेखाली एक सुकं पान सरकवून ठेवायचं.

डावा पाय फळीवर, करवंटी धरलेल्या डाव्या हाताचं मनगट नडगीला टेकवलेलं; ते टेकलं नाही तर दांडी डगमगते आणि उडते. सुरुवातीला कमान पूर्ण लांबीने, सावकाश ओढायची. धूर दिसू लागला की दाब आणि वेग दोन्ही वाढवायचे, आणि दाट धूर आल्यावरही दहा-पंधरा फेरे थांबायचं नाही. भुशाकडे बघत राहावं. फिकट आणि भरड असेल तर उष्णता कमी पडते आहे. काळपट आणि बारीक असेल तर बरोबर चाललंय. दांडी कुईकुई करून चकाकू लागली तर टोकं खरवडून चिमूटभर बारीक वाळू टाकावी.

दांडी काढल्यावरही भुसा आपला आपण धुमसत राहिला, की निखारा धरला. घाई नको, अर्धा मिनिट हाताने हलका वारा घालावा. मग तो मोकळ्या केलेल्या काथ्याच्या घरट्यात अलगद ठेवून लांब, संथ फुंकर मारायची. सावरीचा कापूस एकटा नको, तो भस्सकन जळून संपतो. काथ्याने पेट घेतला की त्यावर आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या बारीक काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या.

पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा हे जवळजवळ जमतच नाही. लाकूड खरं सुकतं ते हिवाळ्यापासून मेपर्यंत, आणि वणव्याचे दिवसही तेच. म्हणून सराव अंगणातच करायचा: चारही बाजूंनी दोन मीटर जागा झाडून, पाण्याची बादली शेजारी ठेवून. राखीव वनात परवानगीशिवाय आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. मला हा नियम अगदी योग्य वाटतो.

आई, तुझी काळजी मला कळते. सॅकमध्ये दोन लायटर असतातच, एक प्लास्टिकमध्ये गुंडाळून. घर्षणाची आग ही लायटर भिजल्यावरची सोय. ओढ्याचं पाणी आधी फडक्यातून गाळायचं आणि खळखळून एक मिनिट उकळायचं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, पण आपलं कळसूबाईही १६४६ मीटरच आहे. आणि ओळखू न येणारं फळ किंवा अळंबी तोंडात घालायची नाही, भूक लागली तरी.

बाबा, खांदा दुखत असेल तर कमान नको, तुमच्यासाठी दोरीच बरी: एकाने करवंटी दाबून धरायची, दुसऱ्याने दोरीची दोन टोकं आळीपाळीने ओढायची. तुम्ही दाब धरा, दोरी मी ओढेन. कुंपणाच्या पांगाऱ्याची एखादी फांदी झाडावरच वाळली असेल तर कापून माळ्यावर ठेवा, आणि आई, दोन नारळांची सोडणं उन्हात घालून ठेव.

तुमची लेक