पर्मनंट कधी?

ऑक्सफर्ड

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

"पर्मनंट कधी?" हा तुमचा प्रश्न मी फोनवर टोलवला. पण बडोद्याला दांडिया बाजारात भेटेल तो तुम्हाला हेच विचारत असणार, म्हणून नीट लिहिते. नीतिशास्त्रात हल्ली पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांची कंत्राटी फेलोशिप मिळते. ती संपायच्या आत दुसरी शोधायची, आणि दर अर्जाला छापलेल्या लेखांची यादी जोडायची. माझी आत्ताची पुढच्या सप्टेंबरपर्यंत आहे.

तुम्ही जिला 'ट्रामवाली बाई' म्हणता, त्या तत्त्वज्ञ फिलिपा फूटचं सांगते. जन्म १९२०चा. आईचे वडील ग्रोव्हर क्लीव्हलंड, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. (मावशी लगेच म्हणेल, मग वशिला असणारच!) १९४९ मध्ये ती इथल्या सॉमरव्हिल कॉलेजात फेलो झाली. तेव्हा इथले नावाजलेले तत्त्वज्ञ म्हणत, 'हे वाईट आहे' हे काही खरं-खोटं ठरवता येण्यासारखं विधान नव्हे, ती बोलणाऱ्याची नापसंती. पण युद्ध संपताना छळछावण्यांचे फोटो आले होते, आणि हिला ते म्हणणं पटेना. मग नाझींना 'तुम्ही चुकलात' म्हणण्यात अर्थ काय उरला? हा एकच प्रश्न तिने जन्मभर धरून ठेवला.

आणि नोकरी? १९६९ मध्ये पक्की जागा तिने स्वतःहून सोडली. अमेरिकेत कुठे कुठे पाहुणी म्हणून शिकवलं, मग लॉस एंजेलिसला स्थिरावली, १९९१ला निवृत्त झाली. निबंध लिहिले, त्यांचा संग्रह १९७८ मध्ये निघाला. सलग लिहिलेलं पुस्तक, 'नॅचरल गुडनेस', आलं ते २००१ मध्ये, ऐंशी वर्षांची झाल्यावर! आज असा बायोडेटा पाठवला तर मुलाखतीलाही कुणी बोलवणार नाही, असं माझं मत.

ट्रामचं कोडं १९६७च्या लेखातलं, आणि तो लेख मुळात गर्भपाताबद्दल आहे. ट्राम आवरत नाही, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक. चालकाने कुठे वळवावी? शेजारीच तिने एक न्यायाधीश उभा केला होता: पाच जणांच्या जिवावर उठलेली दंगल थांबवायला एका निरपराध माणसाला फाशी द्यावी का? दोन्हीकडे एकाच्या बदल्यात पाच वाचतात, मग एक चालतं आणि दुसरं का नाही? लोकांनी ट्राम उचलली, न्यायाधीशाला विसरले. तुमचं उत्तर मी वर्गात सांगितलं: "रुळावर माणसं काम करत होती, तर ब्लॉक का नव्हता घेतला?" पुढचा तासभर पोरं त्यावरच भांडली. रेल्वेतली तुमची नोकरी माझ्या कामी आली.

तर माझ्या प्रबंधातल्या मोठ्या प्रकरणाचे तीन तुकडे करून तीन लेख छाप, असा इथे सल्ला मिळतोय. मी ते करणार नाही. एकच लेख होईल, उशिरा होईल. अर्ज मात्र सगळीकडे करतेय. सयाजीराव विद्यापीठात तत्त्वज्ञानाची जागा निघाली तर जाहिरातीचा फोटो पाठवा. शेवटची तारीख नीट दिसेल असा काढा.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी