स्वेच्छानिवृत्तीनंतर परतीची वाट असावी

महोदय,

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार २० वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मात्र ती प्रत्यक्षात येण्यापूर्वी नोटीस मागे घेतली नाही, तर पुन्हा त्याच पदावर रुजू होण्याचा हक्क उरत नाही. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली तेव्हा मीही असा अर्ज लिहिला होता. नाशिकरोडच्या घरात तिच्या उशाशी बसून नोटिशीचे दिवस मोजत होतो आणि मुदत संपायला आठवडा उरला असताना अर्ज मागे घेतला. तिची प्रकृती सुधारली, हे माझे नशीब! माझ्या एका सहकाऱ्याने मात्र माघार घेतली नाही, आणि ज्यांच्यासाठी नोकरी सोडली ते वडील गेल्यानंतर पन्नाशीतला हा अनुभवी लेखापाल आज खासगी कामे शोधत फिरतो.

अशांना दोन वर्षांच्या आत परतण्याचा पर्याय द्यावा. त्या काळात मासिक निवृत्तिवेतन सुरू ठेवावे, पण उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या काही भागाऐवजी एकरकमी मिळणारी, रक्कम रोखून धरावी. कारण ती एकदा घराच्या कर्जात गेली की परतफेड कुठून होणार? परतल्यावर निवृत्तिवेतन थांबवावे आणि मधला काळ सेवेत धरू नये. सेवाज्येष्ठता गमवावी लागली तरी चालेल. ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्यांना कंत्राटी पद्धतीने पुन्हा घेणाऱ्या शासनाला हे अवघड नसावे.

– एक राज्य शासकीय कर्मचारी, नाशिकरोड