बिडी तंबाखूला सरकारी काटा आणि छापील पावती द्या: केंद्रीय वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: निपाणी, कागल, गडहिंग्लज पट्ट्यातील बिडी तंबाखूसाठी सार्वजनिक वजनकाटा, उघडा लिलाव आणि पावती मिळण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत तंबाखू मंडळ आहे. 1975 च्या कायद्याने ते उभे राहिले आणि गुंटूरहून त्याचा कारभार चालतो. म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूर-पिरियापट्टणकडच्या शेतकऱ्याची व्हर्जिनिया, म्हणजे सिगारेटची, तंबाखू 1984 पासून या मंडळाच्या लिलावात जाते. तिथे गासडीला क्रमांक पडतो, वजन होते, प्रत ठरते, चार खरेदीदार समोरासमोर बोली लावतात आणि रक्कम बँकेच्या खात्यावर येते. त्याच कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाला, निपाणीत, आणि सीमेपलीकडे कागल-गडहिंग्लजमध्ये बिडीची तंबाखू पिकते. तिचा बोद, म्हणजे पान भरलेले मोठे पोते, घरच्या सोप्यात किंवा वखारीच्या दारात, खरेदीदाराच्या काट्यावर, तोंडी दराने जातो. वनस्पती एकच, कर घेणारे सरकारही एकच. मंडळाचे नियंत्रण मात्र व्हर्जिनियापुरते, आणि किमान आधारभावाच्या 22 पिकांच्या यादीतही तंबाखू नाही.

आम्ही दराची हमी मागत नाही. आमची मागणी लहान आहे: सरकारी शिक्क्याचा काटा, उघडी बोली आणि हातात छापील पावती. एवढ्याशा कागदावर किती गोष्टी अडून आहेत ते समजण्यासाठी हा माल कसा तयार होतो, हे आधी सांगायला हवे.

तंबाखूचे बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये 10 हजारांहून जास्त दाणे भरतात. 10 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद गादीवाफ्याला 3 ते 5 ग्रॅम बी पुरे होते. ते बारीक वाळूत किंवा राखेत मिसळून फेकावे लागते, नाहीतर एका कोपऱ्यात मूठभर पडते आणि दुसरा कोपरा रिकामा राहतो. बी दाट पडले की तरू, म्हणजे लावणीचे रोप, लांबट आणि लेचापेचा होतो. वाफ्यात हवा खेळत नाही, जूनच्या झडीत बुंधा काळा पडून मऊ होतो आणि दोन दिवसांत अर्धा वाफा आडवा होतो. ही मर जमिनीतल्या बुरशीमुळे येते. म्हणून उन्हाळ्यात वाफ्यावर राब, म्हणजे पालापाचोळा आणि काटक्या, भाजायचा किंवा पांढऱ्या प्लॅस्टिकने महिना-दीड महिना जमीन तापवायची, वाफा वीतभर उंच करायचा, पाणी झारीने द्यायचे आणि उगवणीनंतर बोर्डो मिश्रण टाकायचे. तरू काढणाऱ्या बाईमाणसांनी तंबाखू मळलेले हात साबणाने धुतल्याशिवाय वाफ्याला लावू नयेत, कारण मोझॅकचा विषाणू वाळलेल्या पानातही जिवंत राहतो आणि बोटांवरून रोपात जातो. हे सांगायला कृषी खात्याचा माणूस जूनमध्ये वाफ्यावर यायला हवा. लावण झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

पाच-सहा आठवड्यांचा तरू ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लावतात. अंतर तीन बाय अडीच फूट धरले तर एकरात पावणेसहा हजारांच्या घरात रोपे बसतात. त्यानंतर हे कोरडवाहू पीक मुख्यतः काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर जगते, आणि ती ओल राखायचे काम कुळव करतो. उभी-आडवी पाळी दिली की वरचा दोन-तीन बोटांचा थर भुसभुशीत होतो, भेगा बुजतात आणि खालचा ओलावा उडत नाही. कुळवाची पास, म्हणजे खालचे लोखंडी पाते, बोथट झाली तर ती तण कापण्याऐवजी ओढत नेते, आणि फार खोल गेली तर रोपाच्या आडव्या मुळ्या तोडते. म्हणून हंगामात पास लोहाराकडून पुनःपुन्हा शेवटून, म्हणजे धार लावून, आणावी लागते. कुळवाचे आडवे लाकूड म्हणजे दिंड फुटली, पास धरणारी जानवळी ढिली झाली की सुताराचे काम निघते. गावात लोहार-सुताराचे एकेकच घर उरले आहे. त्यांनी हात आखडला तर त्या वर्षी कुळवणी उशिरा होते आणि पान हलके भरते.

याच रानात बंबाकू नावाचे परजीवी तण उगवते. बंबाकू हिरवा नसतो, स्वतःचे अन्न करत नाही आणि तंबाखूच्या मुळांना चिकटून रस शोषतो. जमिनीवर दिसेपर्यंत नुकसान झालेले असते. एका बंबाकूतून लाखभर सूक्ष्म बिया पडतात आणि त्या जमिनीत दहा-दहा वर्षे, त्याहूनही जास्त, दबा धरून राहतात. फुलायच्या आधी उपटून रानाबाहेर जाळणे किंवा कोवळ्या कोंबावर वनस्पती तेलाचे दोन थेंब सोडणे, हाच खात्रीचा मार्ग. उपटून बांधावर टाकला तर तिथेही बी पिकते. एका शेतकऱ्याने काळजी घेऊन भागत नाही, शेजारच्याने सोडून दिले की वाहत्या पाण्यातून आणि कुळवाच्या मातीतून बी परत येते. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गावकऱ्यांनी एकाच आठवड्यात मोहीम करायला हवी, आणि त्या आठवड्याची मजुरी रोजगार योजनेतून मिळावी असे आम्हांला वाटते.

कळी दिसू लागली की खुडणी. झाडावर 15 ते 20 पाने ठेवून शेंडा तोडतात. फुलाकडे जाणारा जोर पानात उतरतो, पान जाड आणि चिकट होते, मुळात तयार होणारे निकोटिन पानात साठते. पण शेंडा गेला की प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवा येतो. तो आठ-दहा दिवसांनी पुन्हा पुन्हा मोडावा लागतो. एक पाळी चुकली की पान कागदासारखे पातळ राहते आणि त्यावर पक्वतेचे तपकिरी ठिपके नीट उमटत नाहीत. बिडीच्या तंबाखूची किंमत त्या ठिपक्यांत, जाडीत आणि चिकटपणात असते.

फुटवे मोडायचे काम बहुतेक बायका करतात, तेही सकाळी, पाने दवाने ओली असताना. ओल्या पानातले निकोटिन कातडीतून अंगात जाते. मळमळ, उलटी, चक्कर, डोके जड होणे ही त्याची लक्षणे. गावात त्याला पित्त म्हणतात आणि पित्ताचीच गोळी घेतात. रबरी हातमोजे, लांब बाह्यांचा शर्ट, कमरेला प्लॅस्टिकचा पडदा आणि दव उतरल्यावर काम सुरू करणे, एवढ्याने बराच फरक पडतो. मोजे मात्र आठवड्यात फाटतात, म्हणून हंगामाला एक जोड देऊन फोटो काढण्यात अर्थ नाही. माणशी निदान सहा जोड लागतात.

डिसेंबरपासून तोडणी. बुडातून कापलेले झाड रानातच उन्हात वाळते आणि उलटेपालटे करावे लागते. याच दिवसांत अवकाळी पाऊस आला तर पानाचा चीक धुऊन जातो, रंग काळवंडतो आणि ढिगात बुरशी धरते. चार महिन्यांचे काम एका सरीत अर्ध्या किमतीचे होते. वाळलेले पान दुपारी हात लावताच चुरडते. म्हणून उचलणे, ढीग लावणे आणि बोद भरणे ही कामे पहाटेच्या दवात, पान मऊ असताना होतात. जमिनीवर वाळवल्याने थोडी माती लागतेच, ती चाळून काढावी लागते.

एवढ्या खटाटोपाने एकरी चार-सहा क्विंटल माल हाती येतो. त्याचा दर कसा ठरतो? खरेदीदार बोदात हात घालतो, मूठभर पान काढतो, चुरगाळतो, हुंगतो आणि आकडा सांगतो. त्याची पारख चुकीची असते असे आम्ही म्हणत नाही. वर्षानुवर्षे हाताळून ती तयार झालेली असते. पण ती एकाच बाजूची आहे आणि शेतकऱ्याकडे दुसरा आकडा नसतो. वखारीत माल उतरल्यावर ‘खालचा माल ओला निघाला’ म्हणून दर पुन्हा खाली येतो. तोवर टेम्पोचे भाडे आणि हमाली भागलेली असते, आणि माल परत आणायचा तर दुप्पट खर्च. वर कडता, म्हणजे वजनातली सरसकट कपात, आहेच. 50 किलोला 2 किलो कडता धरला तर 5 क्विंटलमागे 20 किलो तंबाखू मोजदादीतून नाहीशी होते. हे 20 किलो कशासाठी कापले, बोदाच्या वजनासाठी, ओलीसाठी की मातीसाठी, ते कुठे लिहिलेले नसते.

या तिन्ही गोष्टी मोजता येतात. बोद रिकामा करून त्याचे खरे वजन घ्यावे आणि तेवढेच वजा करावे. मातीसाठी बोदाच्या वरून, मधून आणि तळातून मिळून 1 किलो नमुना काढावा, ठरावीक भोकांच्या चाळणीतून दोघांसमोर चाळावा आणि खाली पडलेली माती तोलावी. ओलीसाठी 100 ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवावा. त्याला वेळ लागतो, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी धरावा. उरलेला नमुना दोघांच्या सह्यांनिशी पंधरा दिवस सीलबंद ठेवावा. वाद झाला तर तो उघडता येईल.

काट्याबद्दलही नेमके सांगतो. 150 किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. तो पक्क्या, सपाट फरशीवर असावा आणि त्यातला पाण्याचा बुडबुडा मधोमध असावा. आकडे दाखवणारी पाटी विकणाऱ्याच्या बाजूलाही हवी. रोज सकाळी शिक्क्याचे 20 किलोचे वजन मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे, आणि एखाद्या कोपऱ्यात फरक आला तर काटा बंद करावा. बोद मोठा असतो, तो भिंतीला किंवा शेजारच्या बोदाला टेकला तरी वजन कमी दिसते. वैधमापन खात्याची वार्षिक पडताळणी झाल्याचे प्रमाणपत्र काट्याशेजारी टांगलेले असावे.

पावतीवर तारीख, बोदांची संख्या, प्रत्येक बोदाचे वजन, केलेली प्रत्येक वजावट आणि तिचे कारण, प्रत, दर, एकूण रक्कम आणि रक्कम जमा होण्याची तारीख हवी. ती मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत छापावी. आमचा बाजार एक आहे, सीमारेषा त्याच्या मधून जाते. कागलचा माल निपाणीला येतो आणि निपाणीची तोलणारी माणसे पलीकडच्या गावांत जातात. एका राज्याने नियम केला तर सौदा दुसऱ्या राज्यात सरकेल. म्हणून ही मागणी आम्ही एकाच राज्याच्या पणन मंत्र्यांकडे न करता आपल्याकडे करतो आहोत.

मार्च-एप्रिल 1981 मध्ये याच भागातले शेतकरी, शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली, रास्त भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले होते आणि 6 एप्रिलला झालेल्या गोळीबारात त्यांतले काही जण मरण पावले. ती माणसे ज्या मालासाठी गेली, तो आजही बिनपावतीचा विकला जातो, हे आम्हांला फार लागते.

तंबाखू आरोग्याला घातक आहे, तिची शेती कमी व्हावी, हे धोरण आम्हांला ठाऊक आहे आणि आम्ही त्याच्या आड येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने 2004 मध्ये मान्यता दिली. त्याच्या कलम 17 मध्ये उत्पादकांना परवडणारा पर्याय देण्याचे आणि कलम 18 मध्ये शेतात राबणाऱ्यांच्या आरोग्याचे कर्तव्य आहे. पीक विविधीकरण योजना 2015-16 पासून तंबाखूच्या 10 राज्यांत लागू झाली, त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. पण पर्याय परवडतो की नाही, हे कशाशी ताडून पाहायचे? तंबाखूतून एकरी किती मिळाले याचा कागदच शेतकऱ्याकडे नाही. काळम्मावाडी धरणाचे पाणी जिथे पोहोचले तिथे ऊस आला आणि तंबाखू आपोआप मागे हटली. वरच्या कोरडवाहू रानात सोयाबीन काढून त्यावर शाळू (रब्बी ज्वारी) किंवा हरभरा घेता येतो. त्यात उत्पन्न तंबाखूइतके येते का, हे तीन वर्षांच्या पावत्या पुढ्यात असल्या तर शेतकरी स्वतःच ठरवील. बँकेलाही पीककर्जासाठी तोच कागद लागतो. लोहार, सुतार, बोद शिवणारे, टेम्पोवाले आणि बीखताचे दुकान यांची उधारी तंबाखूच्या पैशावर फिटते. रक्कम सात दिवसांत खात्यावर आली तर त्यांची साखळीही हलते. आज ती दोन-तीन हप्त्यांत आली की लोहाराची उधारी पाडव्यानंतरही राहते.

मंडळाकडे नोंदणी करावी लागली तर आम्ही करू. पहिली तीन वर्षे उत्पादनावर मर्यादा घालू नये, एवढेच म्हणणे आहे, कारण आज नेमके क्षेत्र किती हेच कागदावर नसताना घातलेली मर्यादा लहान शेतकऱ्यालाच आधी कापेल.

निपाणी, कागल आणि गडहिंग्लज येथे एकेक केंद्र प्रायोगिक म्हणून सुरू करावे. जागा कौलारू किंवा पत्र्याच्या छपराची, फरशीची आणि चहूबाजूंनी वारा खेळणारी असावी, कारण ढीग दमट कोंडला की आतून तापतो. माल जानेवारीच्या मध्यापासून बाहेर पडू लागतो. काटे, चाळण्या आणि ओव्हन डिसेंबरअखेर जागेवर पोहोचले तरच या हंगामाला त्यांचा उपयोग होईल.

आपले,
निपाणी, कागल व गडहिंग्लज परिसरातील तंबाखू उत्पादक शेतकरी

प्रत माहितीसाठी: कृषी पणन मंत्री, कर्नाटक राज्य, पणन मंत्री, महाराष्ट्र राज्य